हिवाळ्यातले विग-सर्व्हिसिंग : जळगावच्या एका छोट्या दुकानाचा चार हिवाळ्यांचा अनुभव

माझ्या डोक्यावर गेली सहा वर्षे स्वतःचे केस नाहीत. सुरुवातीला कानामागे रुपयाएवढी चाई पडली, मग ती पसरत गेली आणि आठ-नऊ महिन्यांत सगळे डोके मोकळे झाले. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा केसांच्या मुळांवरच उलटली की असे होते, हे त्वचारोगतज्ज्ञांनी मला नीट समजावून सांगितले होते. उपचार झाले, थोडी लव आली आणि पुन्हा गेली. मी अमळनेरच्या एका शाळेत शिकवते. रोज वर्गासमोर उभे राहायचे असल्यामुळे विग माझ्यासाठी चष्म्याइतकाच रोजच्या गरजेचा झाला आहे. आमच्याकडचा उन्हाळा कडक असतो हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पण विग वापरणाऱ्या माणसाला खानदेशात खरा त्रास होतो तो हिवाळ्यात, आणि त्या त्रासातून मला ज्या दुकानाने बाहेर काढले त्याविषयी मी येथे लिहीत आहे.

हे दुकान जळगावात, फुले मार्केटपासून चालत जाण्याच्या अंतरावर एका गल्लीत आहे. दुकानाचे नाव देऊ नये अशी मालकांनी मला स्वतः विनंती केली. पाटीवर नाव वाचून आत शिरणाऱ्या गिऱ्हाइकाकडे रस्त्यावरचे लोक वळून पाहतात, त्यामुळे त्यांनी पाटीसुद्धा अगदी साधी ठेवली आहे. गरजूंना पत्ता मिळणे अवघड नाही. नाटकाची वेशभूषा भाड्याने देणाऱ्या शहरातल्या कोणत्याही दुकानात ‘टोप आणि गंगावन दुरुस्त करणारे काका’ असे विचारले की लोक रस्ता दाखवतात. काकांचे वय सत्तरीच्या पुढे आहे. त्यांचे वडील नाटकमंडळ्यांना आणि तमाशाच्या फडांना टोप करून देत असत, आणि तेच काम शिकून काका पुढे विगांच्या दुरुस्तीकडे वळले. आता धुण्याचे आणि शिवणाचे बहुतेक काम त्यांच्या सूनबाई करतात आणि काका केस तपासणे, विगाच्या जाळीला एकेक केस गाठीने बांधणे व गिऱ्हाइकांशी बोलणे एवढे पाहतात.

हिवाळ्यात विगाचे नेमके काय बिघडते, हे समजल्याशिवाय या दुकानाच्या कामाची किंमत कळणार नाही. आपल्या डोक्यावरच्या केसांना टाळूतून सतत थोडे तेल मिळत असते. ते विंचरताना टोकापर्यंत पसरते आणि केस मऊ राहतात. विगाचा केस माणसाचाच असला तरी तो मुळापासून तुटलेला असतो आणि त्याला वरून जे लावू तेवढेच मिळते. त्यातच आमच्याकडे दिवाळीनंतर उत्तरेकडचे कोरडे वारे सुरू होतात, समुद्र दूर असल्याने हवेत ओलावा राहत नाही, आणि थंडीची लाट आली की पहाटे पारा दहा अंशांच्या खाली जातो. अशा हवेत केसांतला उरलासुरला ओलावा उडतो. कोरडा केस स्वेटरला किंवा मफलरला घासला गेला की त्यात स्थिर वीज साठते, कारण ती वाहून नेणारा ओलावा हवेतही नसतो आणि केसातही नसतो. मग एकेक केस दुसऱ्यापासून दूर पळतो, चेहऱ्याला चिकटतो आणि विंचरायला घेतल्यावर कंगव्याच्या मागे उभा राहतो. मानेवर जिथे स्वेटरची कॉलर आणि केस दिवसभर एकमेकांवर घासतात, तिथे सगळ्यात आधी गुंता होतो, आणि तो तसाच राहू दिला तर आठवड्याभरात त्याची जट बनते.

ही जट मी पहिल्याच हिवाळ्यात अनुभवली. माझा पहिला विग मी एका मोठ्या शहरातल्या नामांकित म्हणवणाऱ्या दुकानातून सव्वीस हजार रुपयांना घेतला होता. ‘शंभर टक्के रेमी’, म्हणजे सगळे एकाच दिशेने जमवलेले केस, असे तोंडी सांगून तो मला दिला गेला आणि बिलावर मात्र फक्त ‘ह्यूमन हेअर’ असे लिहिलेले होते, याकडे माझे तेव्हा लक्ष गेले नाही. पहिले दोन महिने तो रेशमासारखा होता. डिसेंबर उजाडला आणि मानेवरच्या केसांचा असा गोळा झाला की मी रात्री दीड-दीड तास बसून एकेक बट सोडवत असे आणि सकाळी शाळेत पोहोचेपर्यंत तो पुन्हा जमत असे. दुकानाला फोन केला तेव्हा ‘तुम्ही नीट काळजी घेत नाही’ हे उत्तर मिळाले. ते उत्तर मी खरे मानले, आणि पुढचे कित्येक दिवस मी स्वतःलाच दोष देत राहिले. आजारपणाने आधीच खचलेल्या माणसाला असे उत्तर देणे योग्य नव्हते, असे मला आजही वाटते.

तो विग घेऊन मी जळगावच्या काकांकडे गेले तो दिवस मला स्पष्ट आठवतो. त्यांनी विग हातात घेतल्यावर कंगवा उचललाच नाही. मानेजवळची एक बट वेगळी केली, तिच्यातला एकच केस अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरला आणि बोटे आधी गाठीकडून टोकाकडे व नंतर टोकाकडून गाठीकडे नेली. मग दुसरा केस, मग तिसरा. त्यानंतर त्यांनी मला तसे करायला सांगितले. काही केस टोकाकडून वर जाताना बोटाला किंचित खरखरीत लागत होते आणि काही केस उलट, खाली येताना खरखरीत लागत होते. केसाच्या पृष्ठभागावर माशाच्या खवल्यांसारखे अतिसूक्ष्म खवले असतात आणि त्यांची टोके नेहमी केसाच्या टोकाकडे वळलेली असतात. रेमी म्हणजे सगळ्या केसांची मुळे एका बाजूला ठेवून, खवल्यांची दिशा जपून जमवलेले केस. देवस्थानांत मुंडनाच्या वेळी कापले जाणारे लांब केस असे जमवता येतात. तिरुमलाच्या देवस्थानातील केसांचा लिलाव होतो आणि त्यांतील चांगला माल विगांसाठी जातो, हे अनेकांना माहीत असेल. पण आपल्या गल्लीत ‘केसांवर भांडीऽ, केसांवर फुगेऽ’ अशी आरोळी देत येणारा फेरीवाला जे केस नेतो, ते कंगव्यातून निघालेले गुंतवळ असते. त्यात कोणत्या केसाचे मूळ कुठे आणि टोक कुठे, हे कोणी पाहत नाही. उलटसुलट खवल्यांचे असे केस एकमेकांत अडकणारच. म्हणून कारखान्यात ते आम्लात बुडवून खवले घासून काढतात आणि वरून सिलिकॉनचा थर देतात. तो थर काही धुण्यांत निघून गेला की उरलेले खवले आपला गुण दाखवतात.

‘ताई, ह्या केस मरेल शेतस, यास्ले डोकानं तेल भेटत नई,’ म्हणजे हे केस मेलेले आहेत, यांना डोक्याचे तेल मिळत नाही, असे काका त्या दिवशी म्हणाले होते. अहिराणी माझीही घरची बोली आहे, आणि केसांच्या बाबतीत इतके सोपे व खरे वाक्य मला त्याआधी कोणी ऐकवले नव्हते. माझी काळजी कमी पडली नव्हती, मालच मिश्र होता, हे त्यांनी मला माझ्याच बोटांनी पटवून दिले. त्या विगावर हिवाळ्यात पुन्हा पुन्हा खर्च करण्यापेक्षा तो पावसाळ्यात व घरी वापरावा, असा सल्ला त्यांनी दिला आणि त्या दिवशी गुंता सोडवण्याचे फक्त दोनशे रुपये घेतले. नवा विग त्यांच्याकडूनच घ्या असे ते एकदाही म्हणाले नाहीत. पुढे सहा महिने पैसे साठवून मी दुसरा विग घेतला तेव्हा केस तपासायला त्यांनाच दाखवला.

आता प्रत्यक्ष सर्व्हिसिंगविषयी. दिवाळीनंतर एकदा आणि संक्रांतीनंतर एकदा असे दोन वेळा मी विग त्यांच्याकडे देते. पहिल्या वर्षी मी हट्टाने सूनबाईंच्या शेजारी बसून संपूर्ण काम पाहिले. विग पाण्यात टाकण्याआधी त्या तो कापडी डोक्यावर पिनांनी घट्ट बसवतात आणि कोरडाच विंचरतात. आधी शेवटची चार बोटे, ती मोकळी झाली की त्यावरची चार बोटे, असे करत त्या वर जातात आणि प्रत्येक वेळी कंगव्याच्या वर केस मुठीत धरतात, म्हणजे ओढ गाठींवर येत नाही. गुंता असलेला विग ओला केला तर गुंता आणखी आवळतो, त्यामुळे या पायरीला त्या सर्वांत जास्त वेळ देतात. माझ्या विगाला चाळीस मिनिटे लागली होती.

धुण्यासाठी त्या नळाचे पाणी कोमट करून घेतात. बोअरचे पाणी वापरत नाहीत, कारण आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात आणि ते केसांवर बसले की केस राठ होतात. जिच्या पाण्यात डाळ शिजत नाही, तिच्या घरी विग धुऊ नये, ही सूनबाईंची खूण मला फार आवडली आणि ती मी अनेकींना सांगितली आहे. सौम्य, सल्फेट नसलेला शाम्पू पाण्यातच मिसळून त्यात विग बुडवायचा आणि वरून खाली अशा एकाच दिशेने बोटे फिरवायची. डोक्यावर चोळतो तसे चोळायचे नाही. नंतर स्वच्छ पाण्याने तीनदा धुतल्यावर कंडिशनर लावतात आणि येथे त्यांची काळजी पाहण्यासारखी असते. केस जिथे लेसला, म्हणजे विगाच्या बारीक जाळीला, गाठीने बांधलेला असतो तिथे कंडिशनर लागला तर गाठ निसरडी होऊन सुटते आणि केस गळू लागतात. म्हणून त्या गाठींपासून चार बोटे सोडून खालीच कंडिशनर लावतात, मुळाकडचा भाग कोरड्या फडक्याने झाकतात आणि वीस मिनिटे थांबतात. त्याआधी मी घरी वरपासून खालपर्यंत कंडिशनर चोपडत होते. माझ्या पहिल्या विगाची पुढची कड विरळ का झाली, याचे उत्तर मला त्या फडक्याकडे पाहताना मिळाले.

वाळवण्याच्या बाबतीत हे दुकान अजिबात घाई करत नाही. पिळायचे नाही, सुती टॉवेलमध्ये दाबून पाणी टिपायचे, उभ्या स्टँडवर ठेवून सावलीत वाळू द्यायचे आणि मंद पंखा लावायचा. थंडीत केस वरून लवकर कोरडे वाटले तरी आतली टोपी ओलीच राहते, आणि ती तशीच घातली तर वास येतो व टाळूला खाज सुटते. त्यामुळे टोपीच्या आतून हात फिरवून खात्री केल्याशिवाय त्या विग परत देत नाहीत. उन्हात वाळवला तर काळा केस काही महिन्यांत तांबूस पडतो, हे त्यांनी जुना नमुना दाखवून सांगितले. हेअर ड्रायर त्या फक्त थंड हवेवर ठेवून टोपीच्या आतल्या बाजूसाठी वापरतात.

या सर्व्हिसिंगला मला सातशे रुपये पडतात. मानेवरची झालेली झीज, उसवलेली कानाजवळची पट्टी किंवा लेसला पडलेले छिद्र याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. गेल्या जानेवारीत पुढच्या लेसला तांदळाएवढे छिद्र पडले होते. काकांनी जाड भिंग डोळ्याला लावून, आकड्याच्या बारीक सुईने, नव्या जाळीच्या तुकड्यावर एकेक केस ओवून गाठ मारली. पाऊण तासात त्यांनी सव्वाशेच्या आसपास गाठी मारल्या असाव्यात. त्यांचे हात थंडीने थरथरत होते, म्हणून ते दर थोड्या वेळाने चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरत आणि मग पुन्हा सुई उचलत. या कामाचे त्यांनी तीनशे रुपये घेतले. मी पाचशे ठेवले तेव्हा दोनशे परत माझ्या पर्समध्ये सरकवले.

कृत्रिम धाग्याच्या विगाची गोष्ट वेगळी आहे आणि ती खानदेशातल्या बायकांनी विशेष लक्षात ठेवावी. माझ्याकडे स्वयंपाकघरासाठी आणि प्रवासासाठी असा एक स्वस्त विग होता. दोन वर्षांपूर्वी डिसेंबरमध्ये आसोद्याकडच्या एका शेतात आमच्या नातलगांची भरीत पार्टी होती. कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवून त्यावर हिरवी-पांढरी मोठी वांगी भाजली जात होती, बाजूला कळण्याच्या भाकरी चालल्या होत्या, आणि थंडी अशी होती की सगळेच जाळाच्या जवळ सरकत होते. वांगे परतण्यासाठी मी क्षणभर वाकले. केसांना ज्वाला लागली नाही, नुसती धग लागली. घरी येऊन आरशात पाहिले तर कपाळावरची सगळी बट कुरळी होऊन कडक झाली होती आणि हाताला नायलॉनच्या दोरीसारखी लागत होती. कृत्रिम केस हा प्लास्टिकचाच धागा असतो. तो साधारण उष्णतेतही आकार बदलतो, आणि एकदा आखडला की पूर्ववत होत नाही. उष्णता सोसणारे कृत्रिम धागे बाजारात आहेत, पण तेही ठरावीक तापमानापर्यंतच टिकतात आणि शेकोटीची धग मोजून अंगावर घेता येत नाही. काकांनी तो विग पाहिला आणि ‘याला आता कोणी दुरुस्त करून देतो म्हणाले तर पैसे देऊ नका’ एवढेच सांगितले. जळकी टोके कापून मागचे केस थोडे पुढे वळवून दिले आणि काहीही घेतले नाही. त्याच दिवसापासून शेकोटी, चूल, हुरड्याची आगटी आणि प्रेशर कुकरची वाफ या चारही ठिकाणी मी विग काढून सुती रुमाल बांधते, आणि घरच्यांनाही त्याची सवय झाली आहे.

दुकानाची जी गोष्ट मला सर्वांत उपयोगी वाटते ती कोणत्याही दरपत्रकात नाही. सर्व्हिसिंग करून देताना ते गिऱ्हाइकाचा रोजचा दिनक्रम विचारतात आणि त्याप्रमाणे बदल सुचवतात. मी सकाळच्या गाडीने जळगावला येते हे ऐकून काकांनी पहिला प्रश्न विचारला तो खिडकीचा. सुरत-भुसावळ मार्गावर हिवाळ्यात सकाळी खिडकी जराशी उघडी राहिली तरी वारा थेट मानेवर येतो आणि धरणगाव येईपर्यंत केस विस्कटतात. त्यांनी मला केसांची सैल वेणी घालून ती मफलरच्या आत ठेवायला सांगितली. माझा मफलर ॲक्रिलिकचा होता. सूनबाईंनी त्याला आतून सॅटिनचे अस्तर लावून दिले, त्याचे दीडशे रुपये घेतले, आणि मानेवरचा गुंता त्या एका अस्तराने निम्म्याहून कमी झाला. स्वेटर आधी आणि विग नंतर, तोही पुढून बटणांचा स्वेटर, डोक्यावरून ओढायचा नाही, हाही त्यांचाच नियम. प्लास्टिकच्या कंगव्याऐवजी रुंद दातांचा लाकडी कंगवा वापरल्यावर आणि विंचरण्याआधी तळहात किंचित ओला करून केसांवरून फिरवल्यावर केस उभे राहणे जवळजवळ थांबले.

तेलाबाबत त्यांचे म्हणणे अनेकांना पटत नाही, मलाही सुरुवातीला पटले नव्हते. थंडीत खोबरेल तेल बाटलीतच गोठते, ते वितळवून लहानपणी आईने डोक्याला थापल्याची आठवण प्रत्येकीला असते, आणि कोरडे केस पाहिले की हात आपोआप त्या बाटलीकडे जातो. पण विगाला खोबरेल लावले तर ते वर साचते, त्यावर धूळ बसते, गाठी सैल होतात आणि विग टेपने चिकटवणाऱ्यांची टेप सुटते. टोकांना दोन थेंब सिलिकॉन सीरम पुरते. तेल लावायचेच असेल तर ते रात्री विग काढल्यावर स्वतःच्या टाळूला लावावे आणि सकाळी टाळू धुऊन, पुसून मगच विग घालावा. माझी टाळू हिवाळ्यात कोरडी पडून तिचे पापुद्रे निघत असत, ते या एका सवयीने थांबले.

आणखी एक गोष्ट मी स्वतः शिकले आणि काकांनाही सांगितली. खानदेशात हिवाळ्याची सकाळ आणि दुपार यांत फार अंतर असते. सात वाजता दात वाजतात आणि दोन वाजता पत्र्याच्या वर्गात घाम येतो. केस नसलेल्या डोक्याला सकाळी विगाखाली लोकरीची टोपी घालावीशी वाटते, पण तीच टोपी दुपारी भिजते आणि ओल्या टोपीवर विग घसरतो. मी पातळ सुती टोपी घालते, सकाळी विगावरून शाल घेते, आणि मधल्या सुट्टीत बदलण्यासाठी दुसरी कोरडी टोपी पर्समध्ये ठेवते. काकांनी ही युक्ती आता केमोथेरपीनंतर येणाऱ्या बायकांना सांगायला सुरुवात केली आहे, याचा मला फार आनंद आहे.

पुरुषांचे हेअर पॅच, म्हणजे टक्कल झाकणारे छोटे विग, येथे बसवून मिळतात. माझ्या मामेभावाचा पॅच तेच पाहतात. थंडीत टेपचा डिंक कडक होतो आणि पटकन धरत नाही, म्हणून ते टाळू स्पिरिटने पुसून, पूर्ण कोरडी करून, टेप हाताच्या उबेने दाबून बसवतात आणि पुढचे काही तास हेल्मेट घालू देत नाहीत. लग्नसराईत गंगावनाला रंग जुळवून देण्याचे कामही जोरात असते. त्याविषयी माझा स्वतःचा अनुभव नाही, पण तुळशीच्या लग्नानंतर दुकानात नवऱ्या मुलींच्या आयांची गर्दी असते एवढे मात्र मी पाहिले आहे.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात, कारण दूरवरून येणाऱ्या बाईने आधीच तयारी करून यावे असे मला वाटते. पहिली आणि मोठी उणीव आडोशाची आहे. दुकान दहा फूट रुंद आहे आणि आरसा रस्त्याच्या बाजूला आहे. पहिल्या भेटीत मला विग काढावा लागला तेव्हा दारातून दोन माणसे आत पाहत होती, आणि तो क्षण मी विसरलेले नाही. मी ते दुसऱ्या वर्षी काकांना सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, आणि पुढच्या खेपेस आतल्या कोपऱ्यात पडदा लावलेला होता. पडदा आता आहे, पण तो अरुंद आहे आणि आत बसायला स्टूलसुद्धा मावत नाही. किमोनंतर अशक्त झालेल्या बाईला उभे राहून विग बदलणे जमत नाही, तेव्हा तेथे निदान बसण्याची सोय व्हायला हवी. दुसरी गोष्ट म्हणजे सीरमचा वास. सूनबाई शेवटी जे सुगंधी सीरम लावतात त्याचा वास तीव्र आहे. मला त्याने टाळूला खाज सुटली आणि उपचार सुरू असलेल्या एका ओळखीच्या बाईंना त्या वासाने मळमळले. आधीच ‘वासाचे काही लावू नका’ असे सांगितले तर त्या ऐकतात, पण त्यांनी स्वतःहून विचारायला हवे.

तिसरी अडचण वेळेची. विग द्यायचा तर तो तीन दिवसांनी मिळतो, आणि थंडी जास्त असेल तर चार दिवसांनी. ज्यांच्याकडे एकच विग आहे त्यांनी त्या दिवसांचे काय करावे, याचे उत्तर दुकानाकडे नाही. भाड्याने किंवा उसना विग देण्याची सोय तेथे नाही, आणि आरोग्याच्या दृष्टीने ती नसणेच बरे. मी सर्व्हिसिंग शनिवारी देते आणि मंगळवारी घेते, तोपर्यंत रुमाल बांधून शाळेत जाते. पहिल्या वर्षी मुलींनी विचारले, मी खरे सांगितले, आणि आता त्या दिवसांत आठवीच्या दोन मुलीही माझ्यासारखा रुमाल बांधून येतात. बिल छापील मिळत नाही, वहीत नोंद होते आणि चिठ्ठीवर रक्कम लिहून देतात. विमा किंवा कार्यालयीन भरपाईसाठी ज्यांना पावती लागते त्यांनी ती आग्रहाने मागून घ्यावी.

घरी वापरायच्या वस्तूंपैकी सॅटिनचा उशीचा अभ्रा, लाकडी कंगवा आणि बिनवासाचे सीरम एवढ्याच गोष्टींवर मी खर्च करते. बाजारात ‘विंटर केअर किट’ म्हणून हजार-बाराशेला पेट्या मिळतात. त्यांपैकी एक मी घेतली होती, आणि तिच्यातला शाम्पू, स्प्रे व कंगवा यांपैकी काहीही या तीन वस्तूंपेक्षा सरस निघाले नाही. स्टँडही महाग घेण्याची गरज नाही. बरणी उलटी ठेवून वर सुती टॉवेल गुंडाळला तरी टोपीचा आकार राहतो. रात्री विग पिशवीत कोंबून ठेवू नये एवढे पाळले तरी पुरेसे आहे.

माझा सध्याचा विग या दुकानात चौथ्या हिवाळ्यातून गेला आहे. मानेवरचे केस थोडे आखूड झाले आहेत आणि पुढची लेस आता एकदाच बदलून मिळेल असे काकांनी सांगितले आहे. सूनबाईंचा मुलगा बारावीत आहे, तो सुट्टीच्या दिवशी भिंग लावून गाठी मारायला शिकतो आहे. जानेवारीत मी विग घ्यायला गेले तेव्हा त्याने नारळाच्या आकाराच्या कापडी डोक्यावर बांधलेली पहिली पूर्ण ओळ मला दाखवली. मी त्यातला एक केस चिमटीत धरून टोकाकडून गाठीकडे बोट नेले. तो खरखरीत लागला, तसाच त्याच्या शेजारचा, आणि त्याच्या शेजारचाही.